प्रतिध्वनीचा हिशेब

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचे संपादित रूप)



मी कविता लिहिणारा माणूस. बी. ए. झालो तो मराठी साहित्य घेऊन. गणिताशी माझा संबंध दहावीच्या परीक्षेनंतर तुटला आणि दोघांनाही त्याचं फारसं दुःख झालं नाही. असं असताना आज मी तुमच्यापुढे एका हिशेबाविषयी बोलणार आहे. गाण्याचं ध्वनिमुद्रण करताना आवाजाला जो प्रतिध्वनी जोडतात, ज्याला आपल्याकडे लग्नाच्या मांडवापासून कव्वालीच्या स्टेजपर्यंत सगळेच ‘इको’ म्हणतात आणि कॉम्प्युटरवर काम करणारी मुलं ‘डिले’ म्हणतात, तो किती वेळाने यावा याचा हा हिशेब. तो करून देणारे कॅल्क्युलेटर आता मोबाइलवर फुकट मिळतात. त्यातला कोणता घ्यावा, असा प्रश्न माझ्या भाच्याने मला विचारला होता. त्याचं उत्तर शोधताना माझ्या घरातली एक गोष्ट बिघडता बिघडता राहिली. तीच आज सांगतो.

आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, समुद्रपूर तालुक्यात. गिरडच्या टेकडीवरचा बाबा फरीद यांचा दर्गा तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्या पंचक्रोशीतलं. कपाशी, तूर आणि सोयाबीन. आमच्या वावरात एक जुनी विहीर आहे. मी आणि माझा मोठा भाऊ लहानपणी तिच्या काठावर पालथे पडून आत तोंड घालायचो आणि एकमेकांची नावं घेऊन ओरडायचो. विहीर ती नावं परत द्यायची. आमच्या एक गोष्ट लक्षात आली होती. पावसाळ्यात विहीर नुसती आवाज जाड करते आणि उन्हाळ्यात मात्र ती उत्तर देते. मोठा भाऊ म्हणायचा, पोट भरलेला माणूस बोलत नाही, तशी भरलेली विहीर बोलत नाही.

त्याचं खरं कारण मला पन्नाशीत कळलं. आवाज हवेतून एका सेकंदात सुमारे ३४३ मीटर जातो. हा आकडा वीस अंश तापमानाचा. आपल्या मे महिन्यातल्या पंचेचाळीस अंशांत तो ३५८ च्या आसपास जातो. पावसाळ्यात पाणी काठापासून सहा मीटरवर असेल, तर आवाजाला जाऊन-येऊन बारा मीटर पडतात. म्हणजे सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातले पस्तीस. एवढ्या कमी वेळात परत आलेला आवाज आपला कान वेगळा धरत नाही, मूळ आवाजातच मिसळून टाकतो. हेल्मुट हास या जर्मन अभ्यासकाने १९४९ च्या आपल्या प्रबंधात हेच मोजून दाखवलं. उन्हाळ्यात पाणी बारा मीटर खाली गेलं, की जाण्यायेण्याला चोवीस मीटर होतात आणि वेळ होतो सत्तर सहस्रांश सेकंद. बोलण्याच्या बाबतीत साधारण पन्नासच्या पुढे कान म्हणतो, हा दुसरा कोणीतरी बोलला. विहीर उन्हाळ्यात उत्तर देते ती यामुळे.

पुढे त्याच विहिरीवरून आम्हा भावांचं बिनसलं. वाटण्या झाल्या, विहीर सामाईक राहिली आणि पाण्याच्या पाळीवरून एका उन्हाळ्यात जे शब्द बोलले गेले ते इथे सांगण्यासारखे नाहीत. त्यातले जास्त माझे होते. भाऊ चंद्रपूरकडे खाणीत नोकरीला होता, तो तिकडचाच झाला. आमची अम्मी गेली तेव्हा तो आला, जनाजाला खांदा दिला, माती दिली आणि कब्रस्तानातूनच परत गेला. घराची पायरी चढला नाही. मी दारात उभा होतो.

नंतर मी एक कविता लिहिली. छापायला पाठवली नाही. तिचं धृपद दोन ओळींचं आहे :

वाट घराची विसरु नको
ये घरि आता, दार उघडले

माझा भाऊ वाचणारा नाही, ऐकणारा आहे. कविता छापून पाठवली असती तर त्याने बाजूला ठेवली असती. म्हणून ती गाऊन, मुद्रित करून ईदेच्या आधी त्याला पाठवावी असं ठरलं.

हिंगणघाटला माझ्या बहिणीच्या मुलाची एक खोली आहे. पुढे मोबाइल दुरुस्तीचं दुकान आणि मागे ही खोली. भिंतींना त्याने आधी अंड्यांचे ट्रे लावले होते. त्यांनी आवाज काही थांबेना, तेव्हा आजीच्या गोधड्या टांगल्या आणि मग कुठे काम झालं. तिथे तो लग्नाची गाणी, नात, भीमगीतं, भजनं, जे येईल ते मुद्रित करतो. त्याच्याकडे कॉम्प्युटर आहे, एक बऱ्यापैकी माइक आहे आणि ‘ऑडॅसिटी’ नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे. गाणं त्यानेच म्हटलं. आवाज गोड आहे पोराचा. ढोलकीला आमच्या गावच्या भजनी मंडळातले काका आले. वय सत्तरीच्या पुढे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी ज्यांनी प्रत्यक्ष ऐकली त्यांच्या हाताखाली ते शिकलेले.

गाणं म्हणून झालं. आता इको लावायचा. भाचा म्हणाला, “मामू, इको किती वेळाने पाहिजे तो आकडा इथे टाकावा लागतो. उगाच काहीतरी टाकला तर आवाज ठेक्याच्या मध्येच पडतो आणि सगळं गचपण होतं. त्यासाठी कॅल्क्युलेटर आहे. टेम्पो सांगा, तो आकडा देतो.”

त्यामागचं गणित एका ओळीचं आहे, तेवढं सांगतो. एका मिनिटात साठ सेकंद, म्हणजे साठ हजार मिलिसेकंद. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. गाण्यात एका मिनिटाला जितके ठोके पडतात, त्या संख्येने साठ हजारला भागायचं. साठ ठोके असतील तर एका ठोक्याला हजार. एकशेवीस असतील तर पाचशे. ऐंशी असतील तर साडेसातशे. प्रतिध्वनी बरोबर तेवढ्या वेळाने परत आला, तर तो पुढच्या ठोक्यावर पडतो आणि गाण्याच्या अंगाचा वाटतो. त्या आकड्याचं अर्धं केलं तर अर्ध्या ठोक्यावर, दुप्पट केलं तर दोन ठोक्यांनी. अर्ध्याची दीडपट केली तर तो दोन ठोक्यांच्या अधेमधे पडून थोडा आडवा चालतो. आपले तबलजी ज्याला आड म्हणतात त्याच्या जातीचा. इंग्रजी पद्धतीत त्याला ‘डॉटेड’ म्हणतात. एका ठोक्याचे तीन सारखे भाग केले तर ‘ट्रिप्लेट’. ऐंशीच्या टेम्पोला अर्धा ठोका ३७५, त्याची दीडपट ५६२.५ आणि ठोक्याचा तिसरा भाग २५०. सगळे कॅल्क्युलेटर एवढंच करतात. फरक असतो तो मांडणीत.

भाच्याने मोबाइल माझ्या हातात दिला आणि म्हणाला, “मामू, गाणं ऐकत या चौकोनावर बोटाने ठोके मारा. टेम्पो तो स्वतः काढेल.” मी लहानपणापासून उरुसात कव्वाली ऐकत आलेला माणूस. माझं बोट टाळीबरोबर चालतं. केरव्याच्या आठ मात्रांत पहिल्या मात्रेवर टाळी आणि पाचव्या मात्रेवर खाली. मी तिथे तिथे बोट मारलं. मोबाइलने सांगितलं, टेम्पो चाळीस. चाळीसने साठ हजारला भागलं, पंधराशे आले. ऑडॅसिटीत हा आकडा सेकंदांत लागतो, म्हणून भाच्याने दीड सेकंद टाकला. हेडफोन लावून ऐकलं. आवाज मशिदीच्या घुमटात गेल्यासारखा भरून आला. मला फार बरं वाटलं. काका तोपर्यंत एसटी पकडायला निघून गेले होते. फाइल मोबाइलवर घेऊन मी घरी आलो.

रात्री जेवणाआधी लावली. बायको चुलीपाशी होती. गाणं संपलं तशी ती पदराला हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, “क्यों जी, भाईजान कू आने को मना कर रहे क्या?”

मी म्हटलं, काय बोलतेस? ती म्हणाली, मला तर तेच ऐकू आलं, नको, ये घरि आता.

मी पुन्हा लावलं. खरंच होतं. पहिल्या ओळीचा शेवटचा शब्द ‘नको’ फिरून येत होता आणि दुसऱ्या ओळीच्या ‘ये’ला जाऊन चिकटत होता. नको ये घरि आता. आमच्या घरच्या बोलीतही नकोला नकोच म्हणतात, त्यामुळे अर्थ लावायला वेळ लागत नाही. नऊ वर्षांनी भावाला निरोप पाठवायचा आणि त्यात हे. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

मग कागद घेऊन बसलो. गणित येत नसलं तरी मात्रा मोजायला मी जन्मभर शिकलो आहे. ऱ्हस्वाची एक, दीर्घाच्या दोन. माधव जूलियनांनी, म्हणजे माधवराव पटवर्धनांनी, १९२७ साली ‘छंदोरचना’ हा ग्रंथ दिला. त्यात मात्रांच्या आवर्तनांना त्यांनी दिलेली नावं मराठी कवीला पाठ असतात. पाच मात्रांचं हरावर्तन, सहांचं भृंगावर्तन, सातांचं अग्न्यावर्तन, आठांचं पद्मावर्तन. भृंग म्हणजे भुंगा, त्याला सहा पाय. शंकराला पाच मुखं. अग्नीला सात जिव्हा. कमळाला आठ पाकळ्या. आता वादकाच्या बाजूने पाहा. सहाला दादरा, सातला रूपक, आठला केरवा आणि पाचाच्या जोडीला झपताल. कवीचा कागद आणि वादकाचा हात एकच हिशेब मांडत असतात.

माझी ओळ पद्मावर्तनी. दोन आवर्तनांची, सोळा मात्रांची. ‘वाट घराची’ आठ मात्रा. ‘विसरु नको’ सहा मात्रा आणि पुढे दोन मात्रांची विश्रांती. ‘न’ बाराव्या मात्रेवर येतो, ‘को’ तेराव्या आणि चौदाव्यावर. पंधरा आणि सोळा रिकाम्या. त्यानंतर सतराव्या मात्रेला ‘ये’. माझ्या टाळीने मोबाइलला पंधराशे मिलिसेकंद सांगितले होते. आमच्या गाण्यात एक मात्रा ३७५ ची, म्हणजे पंधराशे बरोबर चार मात्रा झाल्या. बारा अधिक चार सोळा. ‘न’ विश्रांतीच्या शेवटच्या मात्रेवर आला आणि ‘को’ नेमका सतराव्यावर, ‘ये’च्या अंगावर. प्रतिध्वनी तालात चोख पडत होता, म्हणून तर हेडफोनमध्ये इतका छान वाटला होता. वाक्य मात्र त्याने उलटं केलं.

सकाळी भाच्याकडे गेलो. काकांनाही बोलावलं. भाचा म्हणाला, “मामू, चाळीस कसा? मी पायाने ठोका धरतो तो ऐंशी आहे.” काका म्हणाले, “माह्या हिशोबानं मिनिटाले एकशेसाठ होते.” दोघांची थोडी बाचाबाची झाली. मग काकाच हसले. “शायर, तुम्ही टाळी मारून राह्यले, पोरगा पाय आपटून राह्यला, अन् मी मात्रा मोजून राह्यलो. तिघाईचं बरोबर हाय.”

श्रोतेहो, कॅल्क्युलेटर निवडण्यातली सगळ्यात मोठी अडचण काकांच्या या एका वाक्यात आहे. एकच गाणं, एकच चाल आणि टेम्पो तीन : चाळीस, ऐंशी, एकशेसाठ. कॅल्क्युलेटरला तुम्ही ठोका कशाला म्हणता ते कळत नाही. तो इंग्रजी पद्धतीच्या चार ठोक्यांच्या मापाने चालतो आणि तुम्ही दिलेल्या आकड्याला एक ठोका धरून मोकळा होतो. म्हणून कोणतंही यंत्र उघडण्याआधी आपण आपसांत ठरवायचं, की ठोका म्हणजे मात्रा, दोन मात्रा की टाळी. भाच्याने आता भिंतीवर कागद चिकटवला आहे : केरव्यात एक ठोका म्हणजे दोन मात्रा.

हा खटाटोप आला कुठून, तेही थोडक्यात सांगतो. पूर्वी प्रतिध्वनी इमारतीकडून मिळायचा. सोलापूरच्या पलीकडे विजापूरचा गोल घुमट आहे. मुहम्मद आदिलशहा १६५६ साली वारला, त्याची ती कबर. घुमटाचा आतला व्यास सुमारे अडतीस मीटर. सज्जात उभं राहून टाळी वाजवली की ती पुन्हा पुन्हा परत येते. तिथे गायचं असेल तर गवय्याने घुमटाच्या वेळेप्रमाणे लय धरायची, घुमट काही आपला व्यास बदलणार नाही. मग टेप आली. एका ठिकाणी आवाज टेपवर चढवायचा आणि थोडं पुढे दुसऱ्या ठिकाणी तो वाचायचा. मधल्या अंतराला टेपच्या वेगाने भागलं की उशीर निघाला. दोन इंच अंतर आणि सेकंदाला पंधरा इंच वेग असेल तर १३३ मिलिसेकंद. अमेरिकेत मेम्फिसच्या सन स्टुडिओत १९५० च्या दशकात एल्विस प्रेस्लीच्या आवाजाला हाच टेपचा इको होता. १९७४ साली जपानच्या रोलँड कंपनीने ‘स्पेस इको’ हे टेपचंच यंत्र काढलं आणि ते जगभर गेलं. कॉम्प्युटर आल्यावर उशीर हा नुसता आकडा झाला. घुमटात गाणारा घुमटाचं ऐकत होता, आता घुमट गाणाऱ्याचं ऐकतो. म्हणूनच तो आकडा काय द्यायचा याची जबाबदारी आपल्यावर आली.

आता भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर. ज्या तरुणांच्या घरी अशी एखादी गोधड्यांची खोली असेल त्यांच्यासाठी सांगतो.

पहिलं म्हणजे, त्याची गरज आहे का ते पाहा. आजच्या बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये इको गाण्याच्या टेम्पोला आपोआप बांधण्याची सोय असते. गाणं क्लिकच्या ठोक्यावर मुद्रित केलेलं असेल तर वेगळा कॅल्क्युलेटर लागत नाही. तो लागतो ते आमच्यासारख्यांना, ज्यांचं सॉफ्टवेअर फक्त सेकंद विचारतं, किंवा स्टेजवरच्या मिक्सरला ज्यांना बटण फिरवून मिलिसेकंद लावायचे असतात त्यांना.

दुसरं, त्याची परीक्षा घ्या. साठ टाकले तर हजार यायला हवेत आणि एकशेवीसला पाचशे. मग त्यात पूर्ण, अर्धा, पाव ठोका, त्यांची दीडपट आणि तीन भाग ही सगळी कोष्टकं एका पडद्यावर दिसतात का ते पाहा. सेकंद आणि मिलिसेकंद दोन्ही दाखवत असेल तर चांगलं. दशांश चिन्हाची चूक फार सहज होते. ०.७५ च्या जागी ७.५ टाकून आम्ही एकदा बराच वेळ प्रतिध्वनीची वाट पाहत बसलो होतो.

तिसरं, बोटाने ठोके मारून टेम्पो काढण्याची सोय असेल, तर तो अनेक ठोक्यांची सरासरी काढतो का ते बघा. दोन-चार ठोक्यांवर निकाल देणारा नको. चार दशांश स्थळं दाखवणाऱ्याला भुलू नका. ५६२.५ आणि ५६३ यांतला फरक कोणाच्या कानाला कळत नाही. पण टेम्पो ऐंशीऐवजी अठ्ठ्याहत्तर मोजला गेला, तर ७५० चे ७६९ होतात आणि चौथ्या प्रतिध्वनीपर्यंत हा फरक पंचाहत्तरच्या पुढे जातो. तो मात्र ऐकू येतो. काकांची रीत मला सगळ्यांत भरवशाची वाटली. घड्याळ लावून त्यांनी केरव्याची आठ आवर्तनं वाजवली, म्हणजे चौसष्ट मात्रा. चोवीस सेकंद लागले. चोवीस हजारला चौसष्टने भागा, ३७५ येतात. घड्याळ थांबवायला पाव सेकंद चुकला तरी मात्रेमागे फक्त चार मिलिसेकंदांची चूक.

चौथं, रूपकासारखा सात मात्रांचा किंवा झपतालासारखा दहा मात्रांचा ताल असेल, तर बहुतेक कॅल्क्युलेटर आवर्तनाचा वेळ देत नाहीत. एका मात्रेचा आकडा घ्या आणि स्वतः गुणा. पाचवं, गावात नेटवर्क जातं, म्हणून इंटरनेटशिवाय चालणारा घ्या. भागाकार करणाऱ्या यंत्राला तुमचं ठिकाण, तुमचे फोटो, तुमच्या ओळखीच्या लोकांचे नंबर कशाला हवेत? ते मागणारा काढून टाका. आणि एका भागाकाराचे कोणी पैसे मागत असेल तर त्याला दुरून सलाम करा.

शेवटचं, माणसाचा हात घड्याळ नसतो. आमच्या गाण्यात काकांची लय शेवटच्या कडव्याला ऐंशीवरून चौऱ्याऐंशीवर गेली होती. गाणं रंगलं की ती चढतेच, त्यात दोष नाही. पण ७५० चा आकडा तिथे ७१४ होतो. म्हणून गाण्याचे भाग पाडून प्रत्येकाचा हिशेब वेगळा करावा, किंवा सगळ्या गाण्यावर इको न पसरता ओळीच्या शेवटी, जिथे जागा आहे तिथेच तो द्यावा.

आम्ही तेच करायचं ठरवलं. भाच्याने फक्त ‘नको’ या शब्दावर साडेसातशेचा, म्हणजे दोन मात्रांचा इको लावला आणि तो एकदाच येईल असं केलं. आता ‘को’ पंधराव्या आणि सोळाव्या मात्रेवर, बरोबर रिकाम्या जागेत बसला. ‘ये’ मोकळा झाला. हिशेब चोख. मी सुटकेचा श्वास सोडला.

काका मात्र गप्प होते. म्हणाले, “झीलकऱ्यानं ‘नको’ उचललं असतं का जी?”

ज्यांना हा शब्द माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पोवाड्यात, तमाशात, भजनात मुख्य गाणाऱ्याच्या मागे झीलकरी असतात. ओळ संपली की तिचा शेवट ते उचलतात, लांबवतात, परत आणतात. कव्वालीत मागे बसलेले साथीदार हेच काम करतात. गझलेत तर ती सोय कवीनेच करून ठेवलेली असते. रदीफ म्हणजे ठरलेल्या जागी परत येणारा शब्द. आपल्याकडे प्रतिध्वनी हा कायम माणसाच्या हातात होता आणि तो हात अर्थ ओळखून शब्द उचलायचा. कॅल्क्युलेटर केव्हा ते सांगतो. काय परत आणायचं हे त्याला विचारून उपयोग नाही.

काकांचं खरं होतं. रुसलेल्या भावाला पाठवायच्या गाण्यात घुमत राहणारा एकमेव शब्द ‘नको’ असावा, हे बरं नव्हे, तो कितीही तालात असला तरी. आम्ही ‘नको’चा इको काढून टाकला. पहिली ओळ कोरडी ठेवली. दुसऱ्या ओळीनंतर आठ मात्रा नुसती ढोलकी वाजते, तिथे मोकळी जागा होती. ‘उघडले’ हा शब्द पाच मात्रांचा. दोन मात्रांचा इको लावला तर तो स्वतःच्याच अंगावर पडत होता. चार मात्रांचा लावून पाहिला आणि शब्द स्पष्ट परत आला. आणखी चार मात्रांनी दुसऱ्यांदा आला आणि चोविसाव्या मात्रेवर संपला. पुढची ओळ पंचविसाव्या मात्रेला. तिसऱ्यांदा येऊ दिला नाही. दार उघडले, उघडले, उघडले. चार मात्रा म्हणजे पंधराशे मिलिसेकंद. मी टाळी वाजवून काढलेला तोच चुकीचा आकडा इथे बरोबर ठरला.

घरी येऊन आधी बायकोला ऐकवलं. ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, भेज दो.

ईदेच्या दोन दिवस आधी मी ते भावाला पाठवलं. दोन निळ्या खुणा उमटल्या. ऐकलं की नुसतं उघडलं, ते त्या खुणांवरून कळत नाही. ईदेचा दिवस गेला. तिसऱ्या दिवशी फोन आला. नऊ वर्षांत पहिला. सलाम झाला आणि मग बराच वेळ कोणी बोललं नाही. मग त्याने विचारलं, “ढोलक कौन बजाया रे?” मी काकांचं नाव सांगितलं. पुन्हा शांतता. मग म्हणाला, “कुएं में पानी कितना है?”

मी म्हटलं, खाली गेलंय, उन्हाळा आहे. तो हं म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

तो अजून आलेला नाही. पण फोन आता येतात, दर वेळी विहिरीचं पाणी विचारायला. मी काठावर जाऊन बघून येतो आणि मग सांगतो. उन्हाळ्यात विहीर उत्तर देते, थोडं उशिरा देते, हे आम्हा दोघांनाही लहानपणापासून माहीत आहे.

नमस्कार. खुदा हाफिज.